गतिरोधक मागण्यापूर्वी : विश्रामबागच्या रहिवाशांना उत्तर

सांगलीच्या विश्रामबाग परिसरातील एका वसाहतीच्या रहिवाशांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या वसाहतीसमोरून दुभाजक असलेला चौपदरी रस्ता जातो. पलीकडे प्राथमिक शाळा, दवाखाना, भाजीचे गाडे आणि एसटीच्या शहर बसचा थांबा आहे, आणि सर्वांत जवळचा चौक साडेतीनशे मीटरवर आहे. गेल्या पावसाळ्यात संध्याकाळी रस्ता ओलांडणाऱ्या एका आजींना दुचाकीची धडक बसून त्यांचे खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर रहिवाशांनी ‘आमच्या फाटकासमोर गतिरोधक बसवावा’ असे तीन अर्ज केले. पहिल्याला ‘हा रस्ता आमच्याकडे नाही’ असे तोंडी उत्तर मिळाले, दुसऱ्याला ‘पोलिसांचा अभिप्राय आणा’ असे सांगण्यात आले आणि तिसऱ्याचे काय झाले ते कळलेच नाही. आता रास्ता रोको करावा की न्यायालयात जावे, असे त्यांनी विचारले आहे.

या दोन्हींची वेळ अद्याप आलेली नाही, असे माझे मत आहे. रस्ते आणि वाहतूक आखणीच्या कामात माझी बत्तीस वर्षे गेली आणि त्यांतील बराच काळ मी अशा अर्जांच्या पलीकडच्या बाजूला, म्हणजे ते ज्या टेबलावर येऊन पडतात तिथे, बसलेलो होतो. त्या खुर्चीतून दिसणारी गोष्ट आधी सांगतो. अर्जदार जेव्हा अमुक ठिकाणी गतिरोधक बसवा असे लिहितो, तेव्हा तो अडचण न मांडता उपाय सांगत असतो. आणि तो उपाय नियमात बसत नाही एवढे एक वाक्य लिहिले की अभियंत्याची फाईल बंद होते, अडचण मात्र रस्त्यावर तशीच राहते. याउलट, ‘सकाळच्या या तासात येथे इतकी माणसे इतक्या वाहनांमधून रस्ता ओलांडतात, त्यांत इतकी मुले आहेत, वाहनांचा वेग इतका आहे आणि मध्ये उभे राहायला जागा नाही’ असे मोजून लिहिलेले निवेदन एका वाक्यात निकाली काढता येत नाही, कारण ते नाकारायचे तर कोणाला तरी पुन्हा मोजावे लागते. आपण पाठवलेल्या तिन्ही अर्जांच्या प्रतींत आकडे दोनच होते, तारीख आणि पिनकोड.

गतिरोधकाचा विषय आधी संपवू, कारण आपला सगळा भर त्यावर आहे. रस्त्यांची मानके इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था ठरवते. बांधकाम खात्यात तिला सगळे आयआरसी म्हणतात. तिच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेतील गोलाकार गतिरोधक वाहनाच्या दिशेने ३.७ मीटर पसरलेला आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे बारा फुटांत चार इंच चढून उतरायचे. ताशी २५ किलोमीटरच्या आसपास जाणाऱ्या वाहनाला त्याचा त्रास होऊ नये आणि भरधाव जाणाऱ्याला व्हावा, असा त्यामागचा हिशेब आहे. आपल्याकडे अपघातानंतर रातोरात उभा राहणारा गतिरोधक दीड-दोन फूट रुंद आणि अर्धा फूट उंच असतो. मोठ्या चाकांची गाडी त्यावरून तशीच निघून जाते, गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली उसळते, आणि पडते ती दुचाकीवर मागे एका बाजूला बसलेली बाई. हे मी ऐकीव सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीला एका तालुक्याच्या गावी, अपघातानंतर जमलेल्या लोकांच्या आग्रहापुढे मान तुकवून, मी दोन दिवसांत गतिरोधक करून दिला आणि रंगाचे व फलकाचे काम नंतर करायचे ठरवले. पावसाळी रात्री त्यावरून एक दुचाकीस्वार पडला आणि त्याचा खांदा निखळला. रंग त्यानंतर लागला. तेव्हापासून पट्टे आणि फलक सोबत नसतील तर गतिरोधकाच्या कागदावर मी सही केली नाही.

शिवाय मोठ्या रस्त्यावर हा मार्ग बहुधा बंदच असतो. राष्ट्रीय महामार्गांवरील गतिरोधक काढून टाकण्याच्या सूचना केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१६ मध्ये दिल्या होत्या, आणि इतर वर्दळीच्या रस्त्यांवरही अभियंते त्याच धोरणाकडे बोट दाखवतात. आपल्या भागातून रुग्णवाहिका मिरजेच्या रुग्णालयांकडे जातात, हा आक्षेपही येईल आणि तो खोटा नाही. वसाहतीतील आतल्या रस्त्यांवर मानकाप्रमाणे केलेला गतिरोधक उपयोगी पडतो. तिथे तो जरूर मागावा.

आता रस्ता कोणाचा हा प्रश्न. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची एकत्रित महानगरपालिका १९९८ मध्ये झाली, पण तिच्या हद्दीतला प्रत्येक रस्ता तिच्या ताब्यात असतोच असे नाही. काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, काही राष्ट्रीय महामार्गाच्या यंत्रणेकडे, आणि गुंठेवारीतले काही रस्ते तर कोणाकडेच रीतसर हस्तांतरित झालेले नसतात. साताऱ्यातही नगरपरिषद आणि बांधकाम विभाग यांच्यात अशीच वाटणी असते. एकाच रस्त्यावर डांबर एका खात्याचे, दिवे दुसऱ्याचे, गटार तिसऱ्याचे आणि शिट्टी चौथ्याची असा प्रकार मी अनेक शहरांत पाहिला आहे. म्हणून तोंडी उत्तरावर विसंबू नये आणि माहितीच्या अधिकारात लेखी विचारावे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे असा अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल तर कायद्याच्या कलम ६ च्या उपकलम ३ प्रमाणे तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करावा लागतो, आणि या तरतुदीचा आपल्यासारख्यांना मोठा उपयोग असा की वर्ग केल्याचे पत्र हाच रस्त्याच्या मालकीचा पहिला लेखी पुरावा ठरतो.

त्याच अर्जात, किंवा विषय वेगळा मानला जाईल अशी शंका असल्यास दुसऱ्या अर्जात, शेवटचे डांबरीकरण केव्हा झाले, त्या कामाच्या अंदाजपत्रकातील बाबींची यादी, मोजमाप पुस्तिकेतील (झालेल्या कामाची मापे लिहिण्याच्या वहीतील) नोंदी आणि दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत, यांच्या प्रती मागाव्यात. थर्मोप्लास्टिकचे (गरम करून लावलेल्या जाड, टिकाऊ रंगाचे) पट्टे, कॅट-आय (रात्री चमकणारी, रस्त्यात बसवलेली बटणे) आणि फलक ही बाब मी पाहिलेल्या बहुतेक मोठ्या कामांच्या अंदाजपत्रकात असते, परंतु काम संपत येताना पैसे कमी पडले की सर्वांत आधी हीच बाब गळते. आपल्या रस्त्याच्या कामात ती मंजूर होती आणि झाली नाही असे निघाले, तर निधी कोठून आणायचा हा प्रश्न उरत नाही. राहिलेले काम पूर्ण करून मागायचे असते, आणि अशा मागणीला ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ असे उत्तर देता येत नाही.

माहिती येईपर्यंतचा महिना मोजणीत घालवावा. मंगळवार, बुधवार आणि गुरुवार हे साधारण दिवस घ्यावेत. शाळेची सुट्टी, गणेशोत्सव, आठवडी बाजार हे दिवस टाळावेत. सकाळी शाळा भरण्याची वेळ, साडेनऊ ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाच ते सात एवढ्या वेळा पुरतात. दोघांनी पादचारी आणि दोघांनी दोन दिशांची वाहने मोजावीत, दर पंधरा मिनिटांनी नवी ओळ सुरू करावी, आणि चार उभ्या रेघांवर पाचवी आडवी अशी जुनी खूण वापरावी; मोबाइलमधल्या कोणत्याही सोयीपेक्षा ती कमी चुकते. वाहनांत दुचाकी, रिक्षा व वडाप, मोटारी, बस-ट्रक आणि ट्रॅक्टर असे रकाने करावेत. पादचाऱ्यांत मुले, वृद्ध, ओझे घेतलेले आणि इतर असे चार रकाने असले म्हणजे पुढे बरेच बोलता येते.

या दोन आकड्यांवरून एक गुणाकार करायचा असतो, जो प्रत्येक वाहतूक अभियंत्याला पाठ असतो आणि नागरिकांना सहसा कोणी सांगत नाही. आयआरसीच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत, जिचा क्रमांक १०३ आहे, गर्दीच्या तासातील पादचाऱ्यांच्या संख्येला त्याच तासातील दोन्ही दिशांच्या वाहनसंख्येच्या वर्गाने गुणण्यास सांगितले आहे. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हा गुणाकार १० कोटींच्या वर गेला, किंवा दुभाजक असलेल्या रस्त्यावर २० कोटींच्या वर गेला, तर दोन चौकांच्या मधल्या त्या जागी पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र ओलांडण-व्यवस्थेचा विचार करावा, असे हे गणित सांगते. समजा तासाला १५० माणसे ओलांडतात आणि १,२०० वाहने जातात. १,२०० चा वर्ग १४ लाख ४० हजार, त्याला १५० ने गुणले की २१ कोटी ६० लाख होतात. म्हणजे आपल्या दुभाजकाच्या रस्त्यावरही मागणी निकषात बसते. वर्दळीच्या शहरी रस्त्यावर हे आकडे फार मोठे नाहीत, त्यामुळे आपली मोजणी या रेषेच्या वर जाईल असा माझा अंदाज आहे. पण अंदाज माझा, मोजणी आपली असावी.

या निकषात एक मोठा दोष आहे आणि तो मला नोकरीत असतानाही खटकत असे. तो फक्त ओलांडणाऱ्यांना मोजतो. जी आई मुलाला पलीकडच्या शाळेत चालत न पाठवता रिक्षाला महिन्याचे पैसे देते, जे आजोबा भाजी घ्यायला जाणेच सोडून देतात, त्यांची नोंद त्या तक्त्यात कोठेच होत नाही, आणि रस्ता जितका भयंकर तितका आकडा लहान येतो. म्हणून वसाहतीत घरटी एक पान फिरवावे आणि त्यात तीनच प्रश्न ठेवावेत : पलीकडे कोणत्या कामासाठी जावे लागते, चालत जाता की वाहनाने, आणि वाहनाने जात असाल तर ओलांडण्याच्या भीतीमुळे का. साठ-सत्तर घरांची अशी पाने मोजणीच्या तक्त्याला जोडली की अभियंत्याला निकषाच्या बाहेर जाऊन लिहिण्यास आधार मिळतो. चांगल्या अभियंत्याला तो हवाच असतो.

वेग मोजण्यासाठी रडार लागत नाही. रस्त्याच्या कडेला ३० मीटर अंतरावर खडूच्या दोन खुणा करून, वाहन पहिल्या खुणेवरून दुसरीवर किती सेकंदांत जाते ते मोबाइलच्या चित्रणावरून पाहावे आणि १०८ ला त्या सेकंदांनी भागावे. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येते. दोन सेकंद लागले तर वेग ५४, साडेतीनच्या जरा वर लागले तर ३०. (१०८ हा आकडा रुग्णवाहिकेचाही आहे, त्यामुळे तो विसरत नाही.) मोकळ्या रस्त्यावर येणारी शंभर वाहने अशी मोजून वेगांची चढती यादी करावी आणि पंच्याऐंशीव्या वाहनाचा वेग अर्जात लिहावा, कारण आखणीत अभियंते सरासरी न पाहता तोच वेग पाहतात. हे काम रस्त्यात न उतरता, कडेला उभे राहून आणि दिवसा करावे. वाहतूक पोलिसांना आधी कळवले तर उत्तम.

आता या आकड्यांचा अर्थ आजींच्या बाजूने लावून पाहू. दोन्ही बाजूंना सात-सात मीटर आणि मध्ये दुभाजक धरून रस्ता सुमारे १५ मीटर रुंद आहे. आखणीत पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात, पण गुडघे दुखणाऱ्या वृद्ध व्यक्तीचा वेग ०.८ मीटरच्या आसपास असतो. म्हणजे त्यांना रस्ता एका दमात पार करायला जवळजवळ १९ सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात ताशी ५० किलोमीटरने येणारे वाहन २६० मीटर पुढे येते. दोन्ही दिशांना २६० मीटर रस्ता एकाच वेळी रिकामा असण्याचा क्षण संध्याकाळी सहा वाजता येतच नाही. मध्ये सुरक्षित थांबता आले तर एका वेळी सात मीटर, सुमारे नऊ सेकंद आणि एकाच दिशेचे १२५ मीटर एवढेच पाहावे लागते. वाहनांचा वेग ३० वर आला तर तेच अंतर ७५ मीटर होते. थांबण्याच्या अंतराचेही तसेच आहे : चालकाला भान यायला दीड सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर ५० च्या वेगातील मोटार थांबेपर्यंत सुमारे ३५ मीटर जाते आणि ३० च्या वेगातील सुमारे १७ मीटर. हे गणित निवेदनाच्या पहिल्या पानावर असावे. आजींच्या अपघाताचे वर्णन दुसऱ्या पानावर पुरते.

मागायचे काय, ते यातून आपोआप निघते. पहिली मागणी दुभाजकात थांबण्याच्या जागेची असावी. आपल्याकडचा दुभाजक दीड-दोन फुटांचा असतो आणि त्यावर कण्हेर किंवा लोखंडी जाळी असते. तिथे माणूस उभा राहू शकत नाही. ओलांडण्याच्या जागी ही रुंदी किमान दीड मीटर, शक्य तर दोन मीटर हवी, म्हणजे बाबागाडी किंवा सायकल घेतलेला माणूस आडवा मावतो. त्यासाठी जागा संपादन करावी लागत नाही. त्या वीस-पंचवीस मीटरमध्ये साडेतीन मीटरच्या मार्गिका तीन-सव्वातीन मीटरच्या केल्या की जागा निघते, आणि मार्गिका अरुंद झाल्याने चालकाचा पायही थोडा आवरतो. दुसरी मागणी उंचावलेल्या झेब्र्याची. यात पट्टे रस्त्यावर न काढता पदपथाच्या पातळीच्या जवळ उचललेल्या सपाट चौथऱ्यावर काढतात आणि दोन्ही अंगांना सौम्य उतार देतात, त्यामुळे गतिरोधकाचे काम होते आणि पादचाऱ्याला चढउतार राहत नाही. यावर सांगलीत एक आक्षेप नक्की येईल, तो पाण्याचा. शहर सपाट, माती काळी, आणि शामरावनगरसारख्या सखल भागात पावसाचे पाणी कसे साचते ते सर्वांनी पाहिले आहे. त्यामुळे चौथऱ्याने पाणी अडेल असे अभियंता म्हणाला तर तो टाळाटाळ करतो आहे असे समजू नये. दोन्ही कडांना जाळी बसवलेली चर ठेवावी किंवा चौथऱ्याखालून नळी काढावी, हे उत्तर आपण आधीच नकाशावर दाखवावे.

नुसते पांढरे पट्टे मात्र मागू नयेत. एका दिशेला दोन मार्गिका असलेल्या रस्त्यावर नुसता झेब्रा कधीकधी धोका वाढवतो, कारण डावीकडची मोटार सौजन्याने थांबते, माणूस पुढे पाऊल टाकतो आणि थांबलेल्या मोटारीच्या आडून दुसरी गाडी येते. थांबण्याची रेषा झेब्र्याच्या बरीच अलीकडे ओढली तर त्या आडोशातून दोघांना एकमेक दिसतात. दिव्याचा खांब झेब्र्याच्या नेमका वर किंवा पुढे नसावा. वाहन येण्याच्या बाजूला थोडा अलीकडे असला म्हणजे पादचाऱ्याच्या अंगावर समोरून उजेड पडतो, नाहीतर तो चालकाला काळी सावली म्हणून दिसतो. बसथांबा झेब्र्याच्या पुढे सरकवावा, म्हणजे उतरलेली माणसे बसच्या मागून ओलांडतील, बससमोरून नव्हे. हे सगळे किरकोळ खर्चाचे आहे आणि अंदाजपत्रकात क्वचितच दिसते.

जागा कोणती, हे फाटकावरून ठरवू नये. एका मोठ्या कागदावर रस्त्याचा शंभर-दीडशे मीटरचा कच्चा नकाशा काढून, मोजणीच्या दिवशी माणूस जिथून प्रत्यक्ष ओलांडेल तिथे ठिपका द्यावा. दोन तासांत ठिपक्यांची दाटी स्वतःच जागा सांगते. मी स्वतः एकदा कार्यालयात बसून सोयीची जागा ठरवली होती आणि ते पट्टे पलीकडे विजेच्या डीपीच्या जाळीसमोर उतरत होते. दोन वर्षांत तिथून कोणी ओलांडलेले मी पाहिले नाही. माणसे आपली वीस मीटर अलीकडून, भाजीवाल्याच्या छत्रीपासून जात होती.

वेगमर्यादेबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे नगरपालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींची कमाल वेगमर्यादा ताशी ७० आणि दुचाकींची ६० किलोमीटर आहे. म्हणजे आपल्या रस्त्यावर वेगळा फलक व अधिसूचना नसेल, तर ५५ ने जाणारा दुचाकीस्वार नियम मोडतच नाही, आणि पोलिसांनी काही करावे ही अपेक्षा तिथेच संपते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली सार्वजनिक सुरक्षिततेसाठी यापेक्षा कमी मर्यादा ठरवता येते, आणि ती एक महिन्यापेक्षा जास्त काळासाठी नसेल तर राजपत्रातील अधिसूचनाही लागत नाही. या एका महिन्याचा उपयोग प्रयोगासाठी करून घ्यावा. शाळेच्या परिसरात ३० ची तात्पुरती मर्यादा, प्लॅस्टिकचे बोलार्ड (आखूड खांब) किंवा रंगवलेले पिंप ठेवून आखलेली थांबण्याची जागा आणि वाहतूक शाखेचा एक कर्मचारी, एवढ्यावर महिनाभर पाहावे आणि त्याआधी व नंतर मोजावे. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळतात. एका दिवसाने रस्ता बदलत नाही, पण व्यापाऱ्यांची भीती किती खरी आणि किती मनातली ते त्या दिवशी दिसते.

आता हे कागद कोठे न्यायचे. निवेदन रस्त्याच्या मालक कार्यालयाला लिहावे आणि प्रती वाहतूक शाखेला व जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्याव्यात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील या समितीत पोलीस, परिवहन कार्यालय आणि बांधकाम खाते एकाच मेजाभोवती बसते, त्यामुळे ‘ते आमचे नाही’ हे वाक्य तिथे उच्चारणे अवघड जाते. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन हा दुसरा दरवाजा आहे, पण तिथे आधी दिलेल्या अर्जाची पोहोच लागते. आपला आग्रह एकाच गोष्टीसाठी असावा : सर्व खात्यांची संयुक्त जागा-पाहणी आणि तिचे लेखी इतिवृत्त. पाहणी संध्याकाळी सहाला ठेवण्याची विनंती करावी. सकाळी अकराला आलेल्या अधिकाऱ्याला रस्ता शांत दिसतो. इतिवृत्तात कोणी, काय, केव्हापर्यंत करायचे हे तीन रकाने नसतील तर दुसऱ्याच दिवशी आपल्याकडून तसे पत्र द्यावे.

काळाचेही गणित आहे. महापालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये आकाराला येतो, म्हणून मोजणीसह प्रस्ताव नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पोहोचला पाहिजे. एप्रिलमध्ये दिलेला उत्तम प्रस्ताव वर्षभर चांगल्या शब्दांत पडून राहतो. रस्त्याचे पुन्हा डांबरीकरण ठरले असेल तर ती संधी अर्थसंकल्पाहूनही मोठी, कारण तेव्हा दुभाजकाची जागा आणि चौथरा त्याच कामात बसतो. पट्ट्यांचे काम पावसाळा संपल्यावर, रस्ता कोरडा असताना मागावे. मे महिन्यात घाईने लावलेला साधा रंग दिवाळीपर्यंत दिसत नाही.

पोलीस ठाण्याकडून गेल्या तीन वर्षांतील त्या ५०० मीटर पट्ट्यातील अपघातांची संख्या मागावी, नावे नकोत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येप्रमाणे राष्ट्रीय महामार्गावर सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू झाले असतील, तर ते अपघातप्रवण स्थळ ठरते. आपला आकडा तिथवर जाणार नाही आणि जाऊही नये. नोंद झालेले अपघात नेहमीच कमी असतात, कारण धडक बसली की लोक आपसात मिटवून हाडवैद्याकडे जातात. त्यासाठी वसाहतीच्या वॉचमनकडे एक वही ठेवून, थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची तारीख, वेळ आणि वाहनाचा प्रकार महिनाभर लिहवून घ्यावा. देशभराचे चित्र सांगायचे तर, केंद्राच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांत ३२,८२५ पादचारी होते.

कायद्याचे हत्यार शेवटच्या परिच्छेदात ठेवावे. पहिल्या ओळीत न्यायालयाचे नाव आले की फाईल अभियंत्याकडून विधी विभागाकडे जाते आणि तिथे रस्ते होत नाहीत. तरी माहीत असावे म्हणून सांगतो : महापालिका अधिनियमात सार्वजनिक रस्त्यांची देखभाल आणि सुधारणा हे बंधनकारक कर्तव्य आहे. पैसे नाहीत म्हणून नगरपालिकेला आपले मूलभूत कर्तव्य टाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये रतलामच्या गटारांच्या प्रकरणात म्हटले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९८-अ प्रमाणे रस्ता सुरक्षेची मानके न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भाग असल्याचे सांगितले आणि त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला, पादचारी व रस्ता-मानके यांविषयीचे नियम सहा महिन्यांत करावेत असे राज्यांना फर्मावले. संयुक्त पाहणीच्या इतिवृत्तातील तारखा उलटून गेल्या तर या तरतुदी आणि आपली मोजणी मिळून वकिलाला पुरेसा ऐवज मिळेल.

एक अवघड विषय राहिला, तो वसाहतीच्या आतला. आपल्या समोरच्या दुभाजकात कोणीतरी फोडलेली एक फट आहे आणि तिच्यातून आपल्याच वसाहतीतल्या दुचाकी वळसा वाचवायला उलट बाजूने जातात, हे आपण पाठवलेल्या छायाचित्रात स्पष्ट दिसते. पाहणीला आलेला पोलीस अधिकारी सर्वांत आधी तीच दाखवील. पादचाऱ्यांची वाट मागताना ही फट बंद करायला आपली तयारी आहे असे सभेत ठरवून लिहून द्यावे लागेल, आणि त्यावर भांडण होईल. चाकांची खुर्ची जिथून जाते तिथून स्कूटरही जाते, हा तिढा अभियांत्रिकीला पूर्ण सुटलेला नाही. वाट नागमोडी करून आणि कठडे लावून तो कमी होतो, बाकीचे शेजाऱ्यांनी एकमेकांना सांगण्याचे आहे. तसेच भाजीच्या गाड्यांना शत्रू मानू नये. आयआरसी निवासी भागात पदपथाची किमान १.८ मीटर रुंदी मोकळी मागते आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी असे सांगते. तेवढी वाट ठेवून गाडे मागे सरकवता येतात, आणि त्यांच्या दिव्यांमुळे संध्याकाळी ती जागा उजेडात राहते. पदपथावर चढवलेल्या मोटारी हा मोठा अडथळा आहे, आणि त्यांतल्या निम्म्या पाहुण्यांच्या नसतात.

मोजणीचे तक्ते, ठिपक्यांचा नकाशा आणि माहिती अधिकारातील उत्तर हाती आले की त्यांच्या प्रती मला पाठवा. थांबण्याच्या जागेचा आणि पाण्याच्या चरीचा मापांसह कच्चा आराखडा मी काढून देईन, म्हणजे संयुक्त पाहणीच्या दिवशी तो आपल्या हातात असेल. काम झाल्यावर तीन महिन्यांनी, त्याच वारी आणि त्याच वेळांना, पुन्हा मोजणी करावी लागेल, त्यामुळे पहिल्या मोजणीचे मूळ कागद फेकू नयेत.